यादी चावडीवर वाचा

करोनाच्या लसीच्या बाबतीत २०२१ च्या मार्चमध्ये माझं मत पक्कं होतं आणि कुणी विचारलं नाही तरी मी ते ऐकवायचो. वयाप्रमाणे रांग लावा, नाव नोंदवेल त्याला क्रमानं टोचा, आणि ‘ह्याला आधी, त्याला नंतर’ म्हणायचा अधिकार कुणाही माणसाच्या हातात ठेवू नका. सरपंचाच्या नको, डॉक्टरच्या नको, तलाठ्याच्या तर मुळीच नको. आज त्यातलं अर्धंच शिल्लक आहे. उरलेलं का गळालं ते लिहून ठेवतो, कारण साथीची ती दोन वर्षं सरली आणि त्यांच्याबद्दल बोलणंच आपण सोडून दिलं.

मी मुळशीचा. पौडच्या पुढं कोळवण खोऱ्यात आमचं गाव. नोकरी बँकेत झाली, बरीचशी ग्रामीण शाखांतून, आणि त्या नोकरीनं मला याद्यांची भीती शिकवली. गारपिटीच्या भरपाईची यादी, कर्जमाफीची यादी. ज्याचं पीक झोपलं त्याचं नाव नाही. ज्याच्या बांधावर गवतही नव्हतं त्याचं आहे, आणि खाली तिघांच्या सह्या. काउंटरच्या अलीकडं बसून मी हे इतकं पाहिलं की ‘परिस्थिती पाहून निर्णय घेण्यात येईल’ हे वाक्य कुठल्याही परिपत्रकात दिसलं की मला त्यात कुणाचा तरी मेहुणा दिसायचा. म्हणून लसीच्या नोंदणीचं कोविन संकेतस्थळ आलं तेव्हा मी खूश झालो. संगणकाला मेहुणा नसतो, असं मी पारावर म्हणायचो आणि लोक हसायचे.

वयाचा क्रमही मला बिनतोड वाटत होता. १६ जानेवारीला आरोग्य कर्मचारी, फेब्रुवारीच्या सुरुवातीला पोलीस, सफाई कामगार आणि महसूलचे लोक, १ मार्चला साठीपुढचे आणि पंचेचाळिशीपुढचे आजारी, १ एप्रिलला पंचेचाळिशीपुढचे सगळे. करोनानं मरण्याचा धोका वयाबरोबर झपाट्यानं वाढतो, हे तोवर सगळ्या जगाला दिसलं होतं. इंग्लंडनं वृद्धाश्रमांपासून सुरुवात केली ती त्यामुळंच. माझा भाचा हिंजवडीत नोकरीला. तो म्हणाला, ‘मामा, इंडोनेशियानं उलटं केलं, आधी १८ ते ५९ च्या कामकरी लोकांना दिली. घराबाहेर जाणाराच रोग घरात आणतो.’ मी म्हणालो, त्यांच्याकडच्या लसीची म्हाताऱ्यांवर पुरेशी चाचणी झाली नव्हती, हेही एक कारण होतं, ते सांग की. मुद्दा तिथंच संपला. पहिल्या फेरीत वयाला मान द्यायला हवा होता, हे मत मी अजून सोडलेलं नाही.

पहिला खडा दाताखाली आला तो मार्चमध्येच. पंचेचाळीस ते साठ वयाच्या माणसाला लस हवी तर सरकारनं ठरवलेल्या २० आजारांपैकी एक असल्याचा नोंदणीकृत डॉक्टरचा दाखला लागे. आमच्या आळीत एक बाई आहेत, पन्नाशीच्या. पाय सुजतात, रात्री चार वेळा उठतात, जखम महिनाभर भरत नाही. त्यांनी साखर जन्मात तपासलेली नाही. त्यांना दाखला कोण देणार? पुण्यातल्या माझ्या मित्राचा बीपी, शुगर, हृदय सगळं फाइलला लावलेलं. त्याला पहिल्या आठवड्यात लस मिळाली. दोघांत जास्त आजारी कोण, हे मला डोळ्यांनी दिसत होतं. ज्याचा आजार सापडलाय तो पुढं आणि ज्याचा कधी कुणी शोधलाच नाही तो मागं, असा तो क्रम होता. पण तेव्हा मी म्हणालो, नियम म्हटला की कडेला चार जण राहायचेच.

वयाचंही तसंच. आमच्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस आधार कार्डावर १ जानेवारी आहे. कार्ड काढताना पोरानं अंदाजे साल सांगितलं, यंत्रानं तारीख घातली. वरच्या धनगरवाड्यावरचा एक माणूस, शाळेत जाणारी नातवंडं असलेला, कार्डाप्रमाणे बेचाळीस निघाला. सिस्टर हसल्या, तोही हसला आणि डोंगर चढून परत गेला.

मग मे महिना आला. त्या महिन्याबद्दल पुणे जिल्ह्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. ऑक्सिजनची गाडी कुठवर आली हे आम्ही एसटीची चौकशी करावी तसं विचारत होतो. १ मेपासून १८ ते ४४ वयाच्या सगळ्यांना लस खुली झाली. केंद्रानं धोरण बदललं: निम्मा साठा केंद्राचा, उरलेला राज्यांनी आणि खासगी रुग्णालयांनी कंपन्यांकडून विकत घ्यायचा. आपल्या राज्यानं लस मोफत ठेवली, पण साठा मुठीएवढा आणि केंद्रं मोजकी. तरुणांना थेट केंद्रावर जाऊन चालणार नव्हतं. कोविनवर नोंदणी, मग स्लॉट, मग ओटीपी. ते संकेतस्थळ तेव्हा मराठीत नव्हतं. स्लॉट उघडले की मिनिटभरात भरून जायचे. पोरांनी टेलिग्रामवर घंटा वाजवणाऱ्या सोयी करून ठेवल्या होत्या. पुण्यात मिळत नाही म्हटल्यावर शहरातली माणसं जिल्ह्याच्या कडेकडेला सरकली. मुळशी, मावळ, वेल्हे. आमच्याकडं सकाळी शाळेच्या मैदानात गाड्या लागायला लागल्या. कोथरूड, बाणेर, वाकड.

गावात संताप झाला. मी मात्र त्या गाड्यांच्या बाजूनं होतो, हे इथं स्पष्ट लिहितो. माझं म्हणणं असं, की त्यांनी चोरी केली नाही, ओळख काढली नाही, नियमानं नंबर लावला. आणि लस कुणाच्याही दंडात गेली तरी साथच कमी होते. डोसाला पत्ता नसतो. सरपंच म्हणाले, ‘धरण आमचं, वीज मुंबईची. आता लस बी कोथरूडची का?’

हे बोलणं उगाच नव्हतं. मुळशी सत्याग्रह सुरू झाला १६ एप्रिल १९२१ ला. टाटांच्या धरणाविरुद्ध, सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली. म्हणजे त्या एप्रिलात शंभर वर्षं भरली होती, आणि टाळेबंदीमुळं धड कार्यक्रमही करता आला नव्हता. शहराला काही लागलं की ते मुळशीतून जातं, हे इथल्या माणसाला आजोबांपासून ठाऊक आहे. तरीही सरपंचांचं ‘आधी स्थानिकांना’ मला तेव्हा पटलं नाही, आणि आजही पटत नाही. कारण हिंजवडीचं आयटी पार्क मुळशी तालुक्यातच आहे. माझा भाचा कागदोपत्री स्थानिकच. उलट वीटभट्टीवर आलेले कातकरी, पिरंगुटच्या कंपन्यांत मराठवाड्यातून, बिहारातून आलेली पोरं, ही कुणाच्याच हिशेबी स्थानिक नाहीत. खुद्द त्या सत्याग्रहाच्या वेळीसुद्धा बुडीत खोऱ्यातले सगळे एका होडीत नव्हते. जमिनी बऱ्याच पुण्याच्या सावकारांकडं अडकलेल्या होत्या; मोबदल्याची बोलणी झाली ती जमीन ज्यांच्या नावावर त्यांच्याशी, कुळाशी नव्हे. गावाच्या नावानं मागितलेलं गावात कुणाच्या घरी जातं, हा प्रश्न जुना आहे.

तर मी ना सरपंचांकडं, ना गावाकडं. रांगेच्या बाजूनं.

संगणक चालवता येतो म्हणून मला केंद्रावर नोंदी करायला बसवलं होतं, आणि तिथं आमच्या गावच्या आशा स्वयंसेविकेशी, आशाताईंशी, माझं वाजलं. कोविशील्डच्या एका बाटलीत दहा डोस असतात. एकदा बूच टोचलं की चार तासांत संपवावे लागतात. दिवसाच्या शेवटी बाटली उघडली, सहा माणसं झाली, चार डोस उरले, पुढं कुणी नाही. आता काय? पंचेचाळिशीपुढच्यांना आयत्या वेळी नोंद करून देता येत होतं. आशाताई पदराखालचा मोबाइल काढायच्या, वहीतली दोन पानं उलटायच्या आणि फोन लावायच्या. वीस मिनिटांत माणसं धापा टाकत हजर. कुणाला बोलवायचं, हे त्या एकट्या ठरवत होत्या. म्हणजे मी आयुष्यभर ज्याच्या विरुद्ध होतो तेच माझ्या समोर, माझ्या नोंदवहीत.

मी त्यांना तसं बोललो. त्यांनी उत्तर दिलं नाही, वही माझ्यापुढं टाकली.

मी ती वही बँकेच्या तपासनीसाच्या डोळ्यांनी वाचली, चूक सापडावी म्हणून. पहिलं नाव, दूध संकलन करणारी बाई. रोज सकाळ-संध्याकाळ अख्खं गाव तिच्या काट्यापुढं उभं असतं. दुसरा वडापवाला, पौडपर्यंत दाटीवाटीनं माणसं नेणारा. एक न्हावी. मग एक विधवा बाई, सेहेचाळीस वर्षांची, धडधाकट, कुणाशी फारसा संबंध नसलेली. हिला का? तर घरात अंथरुणाला खिळलेली सासू. ‘म्हातारीला इथवर आणता येत नाही आन् घरी जाऊन द्यायची परवानगी नाही. ही पडली तर तिला पाणी कोण पाजणार?’ आशाताई म्हणाल्या. वय सोडलं तर सरकारच्या कुठल्या प्राधान्यगटात ही बाई बसत नव्हती. दिल्लीत बसून नीती आयोगाच्या डॉ. पॉल यांच्या तज्ज्ञगटानं कितीही मन लावून याद्या केल्या, तरी तिथून ती सासू दिसणं शक्यच नव्हतं. आशाताईंना दिसत होती, कारण त्या दर आठवड्याला त्या घरात जात होत्या, आणि त्याही तुटपुंज्या मानधनावर. पुढच्याच महिन्यात, १५ जूनला, राज्यातल्या ७० हजारांच्या आसपास आशा त्याच कारणासाठी संपावर गेल्या.

वहीत एक नाव मला खटकलं. त्यांच्या जावेचं. मी बोट ठेवलं. ‘ती जवळ होती, बाटलीला वेळ उरला नव्हता,’ एवढंच त्या म्हणाल्या. खरं असेल, नसेलही. पण दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या, संगणकाची आणि वहीची, तर वहीत एक जाऊ होती आणि संगणकाच्या त्या दिवसाच्या यादीत आमच्या वाड्या-वस्त्यांवरचं एकही नाव नव्हतं. मेहुणा नसलेल्या यंत्रानं मेहुण्यापेक्षा मोठा पक्षपात केला होता आणि त्यावर कुणाची सहीसुद्धा नव्हती. त्या संध्याकाळी मी काही एकदम पालटलो नाही. चिडचिड झाली, एवढं आठवतं.

त्यातून दुसरी चिडचिड स्वतःवर. गावाकडं टँकर येतो तेव्हा काय होतं ते मी लहानपणापासून पाहिलंय: रस्त्याकडेला घर आणि घरात दहा हंडे असलेला पहिला भरतो, आणि तोही रांगेतच उभा असतो. बँकेत तर मी शेकडो फॉर्म दुसऱ्यांचे भरलेत, अंगठे उठवलेत. फॉर्म हीच भिंत असते, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी कोविनचा फॉर्म आला तेव्हा तो मला दरवाजा वाटला. कारण मला तो भरता येत होता.

३१ मेच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं हेच विचारलं. न्यायमूर्ती चंद्रचूड, नागेश्वर राव आणि रवींद्र भट यांच्या खंडपीठानं १८ ते ४४ गटाच्या सशुल्क धोरणाला प्रथमदर्शनी मनमानी आणि तर्कहीन म्हटलं, आणि ज्यांच्याकडं इंटरनेट नाही, इंग्रजी नाही त्यांनी केवळ पोर्टलवरून लस मिळवायची कशी, असं केंद्राला विचारलं. तोवर आपल्या राज्यात तरुणांचं लसीकरण थांबलंच होतं; साठा दुसऱ्या डोसवाल्यांकडं वळवावा लागला होता.

नंतर वाचनात आलं, की यंत्रावर भरवसा ठेवून फसणारे आम्हीच नव्हतो. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या रुग्णालयानं पहिल्या ५,००० डोसांची यादी सूत्र लावून काढली. करोना रुग्णांमध्ये राबणारे निवासी डॉक्टर तिथं १,३०० च्या घरात. त्यांतली फक्त ७ नावं यादीत आली. सूत्रानं वय धरलं होतं, विभाग धरला होता. निवासी डॉक्टर तरुण, आणि आज ह्या विभागात तर उद्या त्या. सूत्राला ते सापडलेच नाहीत. त्यांनी निदर्शनं केली, रुग्णालयानं माफी मागितली. कातकऱ्याला निदर्शनं करता येत नाहीत. तो पावसाच्या आधी भट्टी सोडून निघून जातो आणि त्याच्याबरोबर त्याचा दुसरा डोसही.

७ जूनला दुपारी पिरंगुटजवळ उरवड्यात रासायनिक कंपनीला आग लागली. सतरा कामगार गेले, बहुतेक बायका. त्याच संध्याकाळी पंतप्रधानांनी टीव्हीवर जाहीर केलं, की २१ जूनपासून अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना केंद्राकडून मोफत लस. दोन्ही बातम्या मी एका बैठकीत ऐकल्या. आगीचा आणि लसीचा संबंध नाही, तो मी ओढूनताणून लावणार नाही. पण पाणी शुद्ध करायला लागणारं रसायन जिथं बनत होतं ती कंपनी त्या दिवसांत चालू होती, आणि घाटाखालच्या, आजूबाजूच्या गावांतल्या बायका रोज तिथं कामाला जात होत्या. काम थांबता कामा नये म्हणून जे कारखाने चालू ठेवले, तिथल्या कामगाराला लसीच्या क्रमात वेगळी जागा दिलेली नव्हती. पोलिसाला होती, महसूलच्या कारकुनाला होती. एमआयडीसीतल्या कंत्राटी बाईचं वय चाळीस असेल तर तिचा नंबर आणि घरात बसून संगणकावर काम करणाऱ्या माझ्या भाच्याचा नंबर एकच. त्यांत तो जिंकणार, हे ठरलेलं. इंडोनेशियाचा मुद्दा त्यानं काढला होता तेव्हा मी तो झटकला. त्या रात्री मीच त्याला फोन करून म्हणालो, की पहिली फेरी वयाची, पण दुसरी तुझ्या म्हणण्याप्रमाणे व्हायला हवी होती. तो म्हणाला, ‘मामा, मी माझा पहिला डोस मुळशीतच घेतलाय.’ मला माहीत होतं. नोंद मीच केली होती.

एका ठिकाणी मात्र माझं मत अजून लटकलेलं आहे. ही लस बनत होती आमच्याच जिल्ह्यात, मांजरीला सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. जानेवारीत भूतान-मालदीवला पहिल्या पेट्या गेल्या तेव्हा मला अभिमान वाटला होता. एप्रिलात निर्यात थांबली तेव्हा बरं वाटलं. पण त्या थांबण्यानं कोव्हॅक्स या जागतिक लसवाटप योजनेकडं डोळे लावून बसलेले मलावीसारखे आफ्रिकेतले देश महिनोन्महिने ताटकळले. तिथल्या परिचारिकासुद्धा बिनलशीच्या राहिल्या, आणि इथं भाचा टोचून बसला. धनगरवाड्याला जो न्याय लावतो तो मलावीला लावायची माझी तयारी आहे का? तोंडानं आहे. त्या मे महिन्यात कुणी माझ्या घरचा डोस काढून मलावीला पाठवला असता, तर मी भांडलो असतो.

म्हणून आता माझं म्हणणं काय? रांग राहू दे. तिच्याशिवाय गर्दी आवरत नाही. पण साठ्यातला ठरावीक भाग रांगेबाहेर काढून गावाच्या यादीवर द्यावा. ती यादी त्या माणसानं करावी जो घराघरांत जातो, आणि आपल्याकडं तो माणूस आशाच आहे. त्या यादीत चालू कामाला जाणारा, आजाऱ्याला सांभाळणारा, दाखला नसलेला, कार्डावर चुकीचं वय असलेला आणि बाहेरून पोट भरायला आलेला, असे सगळे यावेत. आणि ती यादी कारणांसकट चावडीवर वाचली जावी, फळ्यावर लागावी. शेवटची अट माझ्यातल्या जुन्या बँकवाल्याची आहे आणि ती मी सोडणार नाही. आशाताईंच्या वहीतल्या जावेवर इलाज यंत्र नाही; चारचौघांत नाव वाचलं जाणं, हा आहे. शेजारच्या एका गावात उरलेले डोस एकाच भावकीत फिरले, असं तेव्हा बोललं जायचं. यादी कुणी वाचून दाखवली नव्हती, त्यामुळं खरंखोटं आजतागायत कळलेलं नाही. रोजगार हमीच्या कायद्यात ग्रामसभेनं कामाचं सामाजिक अंकेक्षण करायची तरतूद आहे. ती कागदावरच राहते हे मला माहीत आहे, पण तरतूद आहे. लसीच्या, औषधाच्या, ऑक्सिजनच्या वाटपाला तेवढीसुद्धा नाही.

यानं वेग कमी होईल, हा आक्षेप मी स्वतःच तीन महिने घेत होतो, आणि तो खरा आहे. पौडच्या ग्रामीण रुग्णालयात दिवसाला शंभर टोचता येतील तर वाड्यांवर फिरून तीसच होतील. ते तीस जण कोण आहेत, यावर ती किंमत द्यायची की नाही हे ठरतं. मी ती दिली असती.

वाचकांना एकच विनंती. साथ नसताना ही यादी शांतपणे करता येते. साथीत होत नाही. आपल्या गावात एकटं कोण राहतं, अंथरुणावर कोण आहे, भट्टीवर किती कुटुंबं आली आहेत, कुणाकडं फोन नाही, हे आशाताईंना विचारा आणि येत्या ग्रामसभेत विषय मांडा. १५ ऑगस्टची हुकली तर २ ऑक्टोबरची आहे. अर्ज ग्रामपंचायतीत आधी लेखी द्या आणि पोच घ्या. आयत्या वेळच्या विषयांत टाकलात, तर चहा यायच्या आत तो गुंडाळला जाईल.